तोडून बोला!

आमच्या लहानपणी घरात एक नियम होता. कुणाशी तोडून बोलायचं नाही. शेजारच्या काकू आठवड्यात तिसऱ्यांदा विरजण मागायला आल्या तरी नाही, आणि आतेभावाने सायकल पंक्चर करून परत आणली तरी नाही. "जोडायला वर्षं लागतात रे, तोडायला एक शब्द पुरतो," असं आई म्हणायची. हे माझ्या मनावर इतकं बिंबलं, की पुढे बँकेच्या काउंटरवर, ऐन डबा उघडायच्या वेळी सही न जुळणारा चेक घेऊन येणाऱ्या गृहस्थांशीसुद्धा मी जोडूनच बोलत आलो. निदान माझी तशी समजूत आहे. तक्रारवहीतल्या काही नोंदी वेगळं सांगतात, पण तक्रारवही हा काही अधिकृत चरित्रग्रंथ नव्हे.

अशा या माणसाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका नऊ वर्षांच्या मुलीने समोर बसवून सांगितलं, "मामा, तोडून बोल! तू तोडत नाहीस, म्हणून कुणाला काही कळत नाही."

ही मुलगी म्हणजे माझी भाची ईरा. माझी धाकटी बहीण चिमी लग्न करून नेदरलँड्सला गेली, त्याला आता बारा वर्षं झाली. ॲमस्टरडॅमला अगदी खेटून ॲम्स्टलफेन नावाचं गाव आहे, तिथे ती राहते. तिथे आपली माणसं इतकी आहेत, की रस्त्यात मागून मराठी ऐकू आलं तर दचकायला होत नाही. उलट आपण मघाशी कुणाबद्दल काय बोललो ते आठवायची वेळ येते. शिवाय डच लोक इंग्रजी उत्तम बोलतात. तुम्ही त्यांच्या भाषेत 'नमस्कार' म्हणालात, की तुमचा उच्चार ऐकून ते दयाबुद्धीने इंग्रजीत शिरतात. त्यामुळे चिमीची बारा वर्षं डचवाचून निभावली. पण कायमचं राहायचं तर परीक्षा द्यावी लागते. वाचन, लेखन, श्रवण, संभाषण आणि त्या समाजाची माहिती, असा सगळा मामला. परीक्षेच्या नावानेच निम्मे उमेदवार गारद व्हावेत : इनबर्खरिंग्सएक्सामेन!

चिमीचा फोन आला. "दादा, रजा काढ आणि ये. मला कुणीतरी घोकून घ्यायला हवंय. ईरा माझ्या चुका काढते, आणि अमोलरावांना वेळ नाही." लहानपणी तिचे पाढे मीच घोकून घेत असे. एकोणतीसच्या पाढ्याला ती रडायची आणि मी पट्टी दाखवायचो. इतक्या वर्षांनी तिने मलाच बोलवावं, हे वाचकांना वाटतं तितकं साधं नव्हतं. पण ते पुढे सांगतो.

डच शब्दाचं मुख्य दुखणं म्हणजे तो संपत नाही. आपल्याकडे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत जशी मंडळं एकामागे एक येत राहतात, तसे या भाषेत शब्द एकमेकांच्या पाठीला चिकटतात आणि मध्ये जागा सोडत नाहीत. मी पोचलो त्याच संध्याकाळी अमोलरावांनी एक कागद पुढे केला. "तुम्ही बँकेतले, बघा जरा." त्यावर लिहिलं होतं : आर्बेइट्सऑनखेस्खिक्टहेइट्सफरझेकरिंग. तेहेतीस अक्षरं, एक शब्द. मला वाटलं, छापखान्यात मधल्या जागा संपल्या. ईराने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि शब्दाचे तीन तुकडे झाले : काम, अपात्रता, विमा. माणूस आजारपणाने काम करू शकला नाही, तर मिळणारा विमा. तुकड्यांना जोडणारा एक बारीकसा 'स' मध्ये मध्ये असतो. दोन डब्यांमधली साखळीच म्हणा ना. तो शब्द एका दमात म्हणून बघितल्यावर त्या विम्याची गरज का पडते, हेही माझ्या लक्षात आलं.

पण एका बाबतीत मी त्यांना पूर्ण गुण देईन. आकडे! डच माणूस चोवीस म्हणताना 'चार-आणि-वीस' म्हणतो. इंग्रजाला हे उलटं वाटतं. आपल्याला कसं वाटेल? आपल्या चोवीसातही 'चो' आधी आणि 'वीस' मागून. पासष्टात पाच आधी, साठ नंतर. तीनशे पासष्ट ते अक्षरी लिहितात तेव्हा सगळा एकच शब्द : ड्रीहॉन्डर्टफेइफएन्झेस्तख. मनात आलं, हे लोक चेकवर रक्कम अक्षरी लिहू लागले, तर मध्ये कुणाला एक शून्यही घुसडता येणार नाही. पण तिकडे आता चेकच कुणी लिहीत नाही. एवढी सुरक्षित भाषा, आणि वाया!

तर शब्द लांब असल्याची तक्रार नाही. खरा प्रश्न तो कुठे तोडायचा हा आहे. डच मुलांना शाळेतच शिकवतात, की जोडशब्द ओळीच्या शेवटी तोडायचा तर त्याच्या सांध्यावर तोडा. आणि सांधा ओळखायला शब्द आधीपासून माहीत असावा लागतो. म्हणजे पूर्वी बँकेत खातं उघडायला आधी दुसऱ्या खातेदाराची ओळख लागायची, तसंच हे.

'फाल्कौल' हा शब्द घ्या. 'फाल-कौल' असा तोडला तर सापळ्याचा खड्डा, ज्यात बेसावध माणूस पडतो तो. 'फाल्क-औल' असा तोडला तर एक ससाणा आणि एक घुबड! आपल्या देवनागरीत ही भानगड व्हायची नाही, कारण 'कौ'मध्ये क आला की तो पुढच्या स्वराच्या कडेवर बसला, आणि 'औ' सुटा राहिला तर त्याला स्वतःचं अक्षर आहे. रोमन लिपीत सगळी अक्षरं एका रांगेत उभी. कोण कुणाचा नातेवाईक ते चेहऱ्यावरून ओळखायचं. मी अर्थातच ससाणा आणि घुबड काढलं. "मामा खड्ड्यात पडला," ईरा म्हणाली. शब्दशः खरं होतं.

दुसऱ्या दिवशी एका दुकानाच्या काचेवर मी एक शब्द वाचला. नव्या ज्ञानाच्या जोरावर तो तोडला : 'मासा' म्हणजे समुदाय, 'खेबेट' म्हणजे प्रार्थना. सामुदायिक प्रार्थना! मोठं बरं वाटलं. व्यापारी पेठेतसुद्धा हे लोक देवाला विसरले नाहीत म्हणायचे. पण खाली युरोत किंमत लिहिली होती, आणि तीही सवलतीची. प्रार्थनेला सेल? चिमी हसून हसून खाली बसायची बाकी राहिली. ते 'मासाझ' आणि 'बेट' होतं. अंग रगडून घ्यायचा पलंग! अक्षरं तीच. फक्त एक अक्षर एकीकडे फ्रेंच पद्धतीने 'झ' होतं आणि दुसरीकडे डच घशातून 'ख' होऊन येतं.

असे पुष्कळ आहेत. 'बॉम-मेल्डिंग' म्हणजे बॉम्ब ठेवल्याची खबर. तोच शब्द 'बॉमेल-डिंग' असा वाचला, तर बॉमेलची काहीतरी वस्तू. हा बॉमेल म्हणजे मार्टेन टोंडर यांच्या चित्रकथांमधलं एक श्रीमंत, घाबरट अस्वल. पिढ्यान्‌ पिढ्या डच लोकांनी त्याच्यावर प्रेम केलं. म्हणजे पळ काढायचा की हसायचं, हे एका 'म'च्या मुक्कामावर अवलंबून.

एक शब्द मात्र मी गंमत म्हणून तोडायला गेलो आणि थांबलो. 'डेइ-क्राम्प' म्हणजे मांडीत आलेला गोळा. तोच 'डेइक-राम्प' असा तोडला, तर समुद्राचा बांध फुटून झालेला अनर्थ. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री तिथे खरोखरच बांध फुटले आणि एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी समुद्राला आवर घालायला अनेक धरणं, दरवाजे आणि बांध उभारले. पूर्व स्केल्ट खाडीच्या तोंडावरचा प्रचंड अडसर १९८६ साली सुरू झाला. ज्यांचा बराच देश समुद्रसपाटीखाली आहे, त्यांना कुठला सांधा कुठे सुटतो हे पाहत बसायची सवय जडली, तर त्यांना हसण्यात अर्थ नाही.

आणि आपण तरी काय हसायचं? सांधा चुकल्याची सगळ्यांत नामांकित गोष्ट आपल्याच पैठणच्या सातवाहन राजाची आहे. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त ती येते. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाणी उडवून उडवून बेजार झालेली एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः'. म्हणजे 'मा उदकैः', पाण्याने नको. राजाने ताबडतोब मोदक मागवले! राणी हसली, आणि संधी-प्रकरणही येत नाही म्हणून वर बोलली. राजाने त्या दिवसापासून अंथरूण धरलं. ना दरबार, ना जेवण. मग पंडितांची बैठक भरली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. सरकारी टेंडर शर्ववर्म्याला मिळालं हे सांगायला नको. विशेष म्हणजे त्याने काम वेळेत पुरंही केलं. पैज हरलेल्या गुणाढ्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या.

लहानपणी या गोष्टीत मला फक्त मोदक दिसत. आता वाटतं, त्या राजाला मोदक नडले नव्हते. आपल्याच माणसासमोर आपल्याला भाषा येत नाही, हे त्याला लागलं होतं.

आमचा अभ्यास रोज रात्री जेवणानंतर चाले. जेवणाच्या टेबलावर चिमीने केलेली कार्डं : एका बाजूला डच, दुसऱ्या बाजूला मराठी. मी कार्ड धरायचं, तिने वाचायचं, ईराने पंचाचं काम करायचं. तोडणं जरा जमू लागलं, तेव्हा कळलं की अजून आघात बाकी आहे. दोन्ही अर्थांनी. आपल्या मराठीत अक्षरावर कमीजास्त जोर दिल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. डचमध्ये जोडनामात बहुधा पहिल्या घटकावर जोर द्यायचा. हा नियम पाठ करावा, तर गावच्या कचेरीला, 'स्टाटहौस'ला, जोर शेवटी. महापौरालाही जोर मधेच. खुद्द ॲमस्टरडॅमला आपण पुढे जोर देतो; तो शेवटच्या 'डाम'वर हवा. ॲम्स्टल नदीवरचा डाम, म्हणजे बांध, म्हणून ॲमस्टरडॅम. आणि बांधावर जोर देणं हा त्यांच्यासाठी व्याकरणाचा नव्हे, जगण्याचा प्रश्न!

'बेडेलेन' म्हणून एक क्रियापद आहे. जोर पहिल्या अक्षरावर दिला तर भीक मागणं, दुसऱ्यावर दिला तर बहाल करणं. लेखी दोन्ही सारखंच. कर्जखात्यात नऊ वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला या शब्दाचं नवल वाटलं नाही. तिथेही एकच अर्ज असतो. कोण मागतंय आणि कोण देतंय, हे नुसत्या आवाजावरून ओळखता येतं.

लिहिण्यातही गमती आहेतच. 'ओमा' म्हणजे आजी. लाडाने 'ओमाचे' म्हणताना तिला एक जादा 'आ' मिळतो. पण ओळीच्या शेवटी तोच शब्द तुटला, की आजीचा तो जादा 'आ' काढून घेतात. आणि त्यांचे शुद्धलेखनाचे नियम! १९५४ साली त्यांनी अधिकृत शब्दसूची काढली, तिला हिरवं पुस्तक म्हणतात. १९९५ साली नियम बदलले आणि धिरड्यासारख्या त्यांच्या साध्या 'पानकूक'मध्ये एक जादा 'न' घुसला, जो बहुतेक लोक उच्चारतही नाहीत. २००५ साली पुन्हा सुधारणा. तेव्हा २००६ साली चिडलेल्यांनी एक पांढरं पुस्तक काढलं. आपण १९६२च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढले. त्यांनी न उच्चारलेला 'न' आत घेतला. जगात अनुनासिकांचा जमाखर्च कुठेतरी जुळत असला पाहिजे.

असं हसतखेळत चाललं होतं. सहाव्या-सातव्या रात्री कार्डं लावताना मला एक कार्ड दोनदा आलेलं दिसलं. 'फोरकोमेन'. एकात पहिल्या भागावर तिरक्या रेघा, दुसऱ्यात मधल्या भागावर. मला वाटलं, आमच्या ऑडिटरसारख्या कुणीतरी टिका मारल्यात. "डुप्लिकेट एन्ट्री," असं म्हणून मी एक कार्ड बाजूला काढलं.

"नाही मामा," ईरा म्हणाली. "ते दोन आहेत. 'फोर'वर जोर दिला तर घडणं. 'को'वर दिला तर घडू न देणं."

"एकाच शब्दाचे इतके उलटे अर्थ?" मी म्हणालो. "मग तुमच्या देशात अपघात होतात की टळतात, ते कळायचं कसं?"

मी स्वतःच हसलो. ईराही हसली. चिमी हसली नाही. तिने ते कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "ईराचा दात तुटला होता ना, शाळेत."

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. ईरा शाळेच्या आवारात झोपाळ्यावरून पडली आणि पुढच्या दाताचा तुकडा उडाला. त्या दिवशी शाळेतून दोनदा फोन आला होता आणि चिमीने तो ऐकला नव्हता. पुढच्या आठवड्यात पालकांची दहा मिनिटांची भेट होती. त्या भेटीचाही तिकडे एक जोडशब्द आहे. बाईंनी चिमीचा हात धरला आणि सावकाश, सोप्या डचमध्ये म्हणाल्या, "डाट कान फोरकोमेन." चिमीला त्या शब्दाचा एकच अर्थ येत होता : टाळणं. तिने ऐकलं, 'हे टाळता आलं असतं.' घरी येऊन ती रडली. त्यानंतर तीन वर्षं शाळेत काहीही असलं की ती अमोलरावांना पाठवायची, किंवा ईरालाच मध्ये उभी करायची. सहा वर्षांची पोर आईचं बोलणं बाईंना आणि बाईंचं बोलणं आईला सांगायची.

"मम्मा," ईरा हळूच म्हणाली, "युफ म्हणाली होती की असं होतं कधी कधी. मी तिथेच होते. तू विचारलंच नाहीस."

टेबलावर काही क्षण कुणीच बोललं नाही. एका मायाळू बाईने धीर दिला होता, आणि तो तीन वर्षं ठपका म्हणून खात्यावर पडून होता. बँकेत अशी चुकीची नावे-नोंद आम्ही एका सहीने उलटवतो. इथे कुणाची सही घ्यायची?

मला मात्र त्या क्षणी दुसरीच एक नोंद आठवली.

चिमी निघाली तो दिवस. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. आईला सांभाळायचं, घराचे हप्ते फेडायचे, आणि ही चालली सातासमुद्रापलीकडे, असा माझ्या डोक्यात राग. ती दारात वाकून नमस्कार करून म्हणाली, "दादा, येते." आपल्याकडे निघणारा 'जातो' म्हणत नाही, आणि निरोप देणाराही 'जा' म्हणत नाही, 'जाऊन ये' म्हणतो. एवढं साधं कुणालाही येतं. मी म्हणालो, "जा."

एक अक्षर. त्यात तोडायला काही नव्हतं, म्हणून मी माणूसच तोडलं. त्यानंतर आम्ही फोनवर बोलत होतो, राख्या येत होत्या, ओवाळणी ऑनलाइन जात होती. पण त्या 'जा'बद्दल बारा वर्षांत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी चिमी एकटी शाळेत गेली. बाईंना काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही. फक्त परत आल्यावर म्हणाली, "व्याकरण चुकलं असेल. पण बाईंना कळलं."

माझी रजा संपली. परीक्षा मी निघायच्या आदल्या दिवशी झाली. संभाषणाची परीक्षा म्हणजे कानाला हेडफोन लावून संगणकाशी बोलायचं. "समोर माणूस नसला की किती बरं," चिमी म्हणाली. "तो मध्येच इंग्रजीत शिरत नाही." निकाल यायला वेळ होता.

विमानतळावर सगळे सोडायला आले होते. बॅगेच्या वजनावरून व्हायचा तो वाद झाला, दोन चीजचे गोळे परत काढावे लागले. मग मी बॅग उचलली आणि म्हणालो, "चिमे, येतो." आणि थांबलो. मनात म्हटलं, आता हिने 'जा' म्हटलं तर हिशोब चोख होईल. तक्रार करायला जागा नाही.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी तू अर्धंच म्हणालास. उरलेलं मी विमानात बसल्यावर जोडून घेतलं होतं. जाऊन ये."

मला काय बोलावं ते सुचेना. घशात काहीतरी डच अडकलं. ईराने मात्र धंदा सोडला नव्हता. तिने विचारलं, "मामा, 'जाऊन ये'मध्ये जोर कशावर द्यायचा?"

आयुष्यात पहिल्यांदाच या विषयातलं एक उत्तर मला नक्की येत होतं.

"'ये'वर," मी म्हणालो, आणि रांगेत शिरलो.

चार आठवड्यांनी चिमीचा संदेश आला. शब्द एकच, डचमध्ये, लांबलचक नाही : 'खेस्लाख्ट'. मी तो दोन ठिकाणी तोडून बघितला. एकदा त्यात कुणाला तरी काहीतरी लागलंय असं निघालं, दुसऱ्यांदा त्यातून काहीच निघेना. शेवटी ईराला फोन लावला.

"पास, मामा," ती म्हणाली. "पास म्हणजे पास. हा तोडायचा नसतो."